गेज लावलं की गाडी शहाणी, काढलं की वेडी: कार्बचं सिंक पुन्हा पुन्हा का जातं?

चार कार्ब्युरेटरची जुनी एअर-कूल्ड मोटारसायकल. चारही सिलिंडर सारखी हवा ओढतील असे कार्ब जुळवणं, याला सिंक म्हणतात. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, वरखाली व्हायला लागला म्हणून टाकी उतरवली, प्रत्येक सिलिंडरची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं, चारही काटे एका रेषेत आणले. इंजिन असं गुळगुळीत लागलं की सीटवर ठेवलेला पाना जागचा हलेना. समाधानाने सगळं परत बसवलं, चक्कर मारायला निघालो, आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. स्लो कधी ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेऱ्या) येऊन बंद पडायला टेकतोय, कधी रेस सोडली तरी १८०० वर टांगून राहतोय. आरशात मागे गाडी आहे की झाड, कळू नये इतकी थरथर. क्लचच्या बाजूने ती ओळखीची खडखड. आठवडाभराने पुन्हा टाकी खाली, पुन्हा नळ्या, पुन्हा काटे.

असं मी चार वेळा केलं. सिंकचे स्क्रू, ज्यांनी कार्ब एकमेकांना जुळवतात ते, थरथरीने आपोआप फिरतात अशी माझी खात्रीच झाली होती. तिसऱ्या वेळी तर स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली. आठवड्याने पाहिलं तर रेघ जशीच्या तशी, कुठे तडा नाही, आणि स्लो मात्र बिघडलेला. खरं तर तिथेच डोकं लढवायला हवं होतं. मी पुन्हा स्क्रूच फिरवले.

पाचव्या वेळी गेज लावलं आणि आधी पेन्सिल हातात घेतली. पहिला सिलिंडर २२, दुसरा २२.५, तिसरा २२, चौथा २१.५. हे आकडे सेंटिमीटर पाऱ्याचे, म्हणजे तेवढ्या उंचीचा पारा ओढून धरेल इतका व्हॅक्यूम. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कार्बांमधला फरक २ सेंटिमीटरच्या आत असला की पास. माझा होता १. म्हणजे सिंक गेलेलंच नव्हतं! मग महिनाभर मी जुळवत काय होतो? अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचे फरक, जे स्वस्तातल्या गेजवर काट्याच्या जाडीतच जिरून जातात.

स्क्रूला हात लावायच्या आधीची तीस सेकंदं

"सिंक पुन्हा गेलं" या एका तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असतात. एकात गेज परत लावल्यावर आकडे खरोखरच फाटलेले दिसतात: तीन सिलिंडर २२ वर आणि एक १७ वर, असं काहीतरी. दुसऱ्यात आकडे ठीकठाक असतात आणि तरी रस्त्यावर गाडी वाईट चालते. दोघांचे उपाय एकमेकांच्या जवळपासही नाहीत. आणि आपला आजार कोणता हे कळायची संधी एकदाच मिळते, गेज लावून इंजिन चालू केल्यावरची पहिली तीस सेकंदं. एकदा स्क्रू पाव आटा फिरला की पुरावा गेला. त्यामुळे आधी गाडी जशी आली तसे आकडे लिहा. मोबाइलवर गेजचा फोटो काढला तरी चालेल, पण काटे हलतात, तेव्हा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त बरा. सोबत स्लो किती आरपीएमवर आहे तेही टिपा, कारण स्लो बदलला की व्हॅक्यूमही बदलतो आणि मग मागच्या खेपेशी तुलना करता येत नाही.

आकडे ठीक आणि गाडी वाईट, हा प्रकार आधी घेतो. माझं त्यातच महिनाभर वाटोळं झालं.

गेज लावण्यासाठी आपण काय काय काढतो?

मी टाकी उतरवून, टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल देऊन, गेज लावून, इंजिन चालू ठेवून बसलो होतो. स्लो अगदी शांत, १२०० च्या आसपास. बंद केलं, नळ्या काढल्या, चारही व्हॅक्यूम पोर्टवर (गेजची नळी लागते त्या छोट्या तोंडांवर) रबरी टोप्या बसवल्या, टाकी अजून बाजूलाच. पुन्हा चालू केलं. पहिला मिनिटभर ठीक, मग स्लो झोके घ्यायला लागला. मधल्या काळात बदललं होतं एवढंच: नळ्या गेल्या, टोप्या आल्या.

तिसऱ्या सिलिंडरची टोपी वरून पाहिली तर काळीभोर, छान. काढून दोन बोटांत दाबली, तर खालच्या बाजूला, जिथे ती पितळी नळीच्या कडेवर बसते तिथे, नखाएवढी चीर ओठ उघडावेत तशी उघडली. वरून ती दिसतच नव्हती. इंजिन त्या चिरेतून फुकटची हवा ओढत होतं. त्या एका सिलिंडरचं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन तो मध्येच मिसिंग मारायचा, मध्येच पकडायचा. गार असताना चोक ओढलेला, मिश्रण मुळातच घट्ट, म्हणून पहिली काही मिनिटं काही कळायचं नाही. आणि गेज लावायचं तर आधी टोपी काढावी लागते! टोपीच्या जागी गेजची घट्ट नळी आली की गळती बंद. म्हणजे दर वेळी मी दोष काढून बाजूला ठेवायचो, निरोगी इंजिन मोजायचो, आणि शेवटी तोच दोष आपल्या हाताने परत बसवायचो.

यावरून शोधायची रीत सरळ होते. मोजण्यासाठी जे जे काढलं, ते एकेक करून परत बसवायचं आणि प्रत्येक वेळी इंजिन चालू करून स्लो बघायचा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात निकाल लागतो.

टोप्यांपासून सुरुवात करा. संशय असेल तर टोप्यांऐवजी प्रत्येक पोर्टवर नळीचा बोटभर तुकडा लावून त्याच्या टोकात बोल्ट ठोकून बघा. गाडी सुधारली तर टोप्याच चोर. काही गाड्यांना टोपीऐवजी पोर्टमध्ये ५ किंवा ६ मिलिमीटरचा स्क्रू असतो. तिथे स्क्रूखालचं वायसर हरवलेलं असतं किंवा इतक्यांदा आवळून चपटं झालेलं असतं. नवं टाका. ही वस्तू किरकोळ आहे म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरा संशयित पेट्रोल कॉक. ज्या कॉकवर ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम अशा खुणा असतात आणि "बंद" अशी खूणच नसते, तो व्हॅक्यूमचा कॉक. इंजिनाचा व्हॅक्यूम एका नळीतून येऊन आतला पडदा उचलतो, तेव्हा पेट्रोल वाहतं. ही नळी चारपैकी एका पोर्टवर लावलेली असते आणि गेजसाठी तीही काढावी लागते. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं असेल, तर तो सिलिंडर कार्बमधून येणाऱ्या पेट्रोलशिवाय या नळीतूनही पेट्रोल पीत असतो. त्याचा प्लग काळा, काजळीने भरलेला. नळी काढली तर आत ओल आणि पेट्रोलचा वास. या नळीत पेट्रोलचा एक थेंबही असता कामा नये. गेज लावल्यावर नळी सुटते, पेट्रोल वरच्या बाटलीतून येतं, दोष नाहीसा. परत बसवलं की दोष हजर. टोपीचंच गाणं, चाल वेगळी.

तिसरी खुद्द टाकी. टाकी बसताना खालून जाणाऱ्या रेसच्या केबलवर दाब देते का, कार्बच्या श्वासनळ्या चिमटीत धरते का, हे टाकी थोडी उचलून, टॉर्च मारून बघा. मग स्लोवर इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. स्लो चढला तर केबल ताणली जातेय. यात सिंकचा काही दोष नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटांनी उपाशी पडते. झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला की समजा.

आणि एअर फिल्टरचा डबा. हात घालायला सोपं जावं म्हणून तो काढून सिंक करणारे मी पाहिलेत. डबा नसेल तर मिश्रण बदलतं, स्लो बदलतो, आणि आपण ज्या इंजिनाचं सिंक केलं ते रस्त्यावर धावणारं इंजिन नसतंच. डबा जागेवर, फिल्टर स्वच्छ, मगच गेज.

आकडे खरंच फाटले असतील तर

आता दुसरा आजार. इथे स्क्रू फिरवायचे आहेत, पण लगेच नाही. मागच्या दोन-तीन खेपांचे आकडे शेजारी ठेवा आणि फाटण्याची तऱ्हा बघा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण इथे नवखा माणूस हमखास उलटा जातो. नळीने पाणी ओढताना नळी चिमटीत दाबली तर गाल आत जातात. तसंच इथे: बटरफ्लाय (रेस दिली की उघडणारी कार्बमधली चकती) जास्त मिटलेली तर व्हॅक्यूम जास्त, जास्त उघडी तर व्हॅक्यूम कमी. म्हणून काटा कमी दाखवणारा सिलिंडर "कमजोर" म्हणून त्याची बटरफ्लाय आणखी उघडली, तर काटा आणखी खाली येईल.

पण व्हॅक्यूम कमी असण्याचं बटरफ्लाय हे एकच कारण नाही. बाहेरून हवा गळत असेल तरी तो कमी होतो, आणि इनलेट व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तरी कमी होतो. काट्याला या तिन्हींतला फरक कळत नाही. म्हणून दर खेपेला तोच एक सिलिंडर कमी येत असेल, तर स्क्रूला दोष देऊ नका.

माझ्या मेव्हण्याच्या दोन कार्बच्या गाडीचं उदाहरण घ्या. उजवा सिलिंडर दर दीड-दोन महिन्यांनी ३-४ सेंटिमीटरने खाली यायचा. तो दर वेळी स्क्रूने वर आणायचा आणि महिनाभर खूश असायचा. मी म्हटलं, आधी टॅपेट बघू, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातला गॅप. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं, सकाळी कव्हर उघडलं, तर उजव्या इनलेटला फीलर गेजची ०.०४ मिलिमीटरची पातीसुद्धा घुसेना. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातो, तसा टॅपेटचा गॅप आटत जातो. गॅप संपला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा मिटतो, आणि शेवटी मिटतच नाही. व्हॅक्यूम पडतो. त्यावर मेव्हणा काय करत होता? बटरफ्लाय आणखी मिटवून काटा वर आणत होता. गेज खूश, सिलिंडर उपाशी. मॅन्युअलप्रमाणे गॅप दिल्यावर तो काटा उसळी मारून डाव्याच्याही वर गेला, आणि आधीच्या सगळ्या खेपांचे स्क्रू उलटे फिरवून काढावे लागले. तेव्हापासून ती गाडी पुन्हा या कारणाने उघडलेली नाही.

टॅपेट आधी, सिंक नंतर, हा क्रम मॅन्युअलमध्ये उगाच दिलेला नसतो. टॅपेट, प्लग, एअर फिल्टर आणि कार्बचे जेट स्वच्छ झाल्याशिवाय गेज पेटीतून काढूच नये. विशेषतः स्लो जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. तो बुजलेला असला तर तो सिलिंडर स्लोवर पेटतच नाही, नुसता फिरतो, आणि तुम्ही मेलेल्या सिलिंडरशी जिवंत सिलिंडर जुळवत बसता. ओळख सोपी आहे: गार इंजिन चालू करून मिनिटभराने सायलेन्सरच्या बेंडांवर पाण्याचे थेंब टाका. तीन चरचरतील, चौथा नुसता ओला होईल.

टॅपेट ठीक असेल आणि तरी तोच सिलिंडर कमी असेल, तर रबरी मॅनिफोल्डकडे वळा, म्हणजे कार्ब आणि हेडच्या मधले ते जाड रबर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते लाकडासारखं होतं. वरून गुळगुळीत आणि मुडपल्यावर भेगाळलेलं. हेडच्या बाजूला ओ-रिंग असेल तर ती चपटी झालेली असते. माझी आवडती परीक्षा अशी: स्लोवर इंजिन चालू असताना कार्बांचा सगळा जथा दोन्ही हातांनी धरून हलकेच वर ढकला, मग खाली दाबा. स्लो बदलला तर रबर सैल आहे किंवा चिरलं आहे. पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारूनही कळतं. क्षणभर चीर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर, उघड्या पेट्रोलच्या बाटलीशेजारी, पेटणारा फवारा मी तरी मारणार नाही.

चोकचाही एक बारीक घोळ असतो. बऱ्याच कार्बांत चोक म्हणजे प्रत्येक कार्बला एक छोटा दट्ट्या असतो आणि सगळे दट्टे एकाच सळीवर. सळीवरचा एक स्क्रू सैल झाला की त्या कार्बचा दट्ट्या पूर्ण खाली बसत नाही, आणि तिथून जास्तीची हवा नि पेट्रोल आत जात राहतं. प्रत्येक दट्ट्या बोटाने दाबून बघा. एखादा किंचित आत गेला आणि स्लो बदलला, तर सापडला.

तऱ्हा वेगळी असेल तर? पहिला-दुसरा आपसात जुळलेले, तिसरा-चौथा आपसात जुळलेले, पण दोन जोड्यांमध्ये फरक, असं दिसलं तर मधला स्क्रू, त्याची स्प्रिंग किंवा जोडणीच्या पट्ट्या बघा. चार कार्ब दोन लोखंडी पट्ट्यांवर बांधलेले असतात. कुणी कधी कार्ब सुटे केले असतील आणि परत जोडताना सपाट काचेवर न ठेवता हवेतच आवळले असतील, तर जथा किंचित पिळलेला राहतो आणि रेस दिल्यावर कधी इकडे बसतो, कधी तिकडे.

आणि दर वेळी वेगळाच आकडा, कधी दुसरा कमी, कधी चौथा, तर ढिलाई शोधा: बटरफ्लायच्या दांड्याच्या बुशांत खेळ, सिंक स्क्रूखालची मेलेली स्प्रिंग, अडकून परतणारी केबल. नाहीतर गेजच खोटं बोलतंय.

गेजवरही विश्वास ठेवू नका

चार काट्यांचं गेज म्हणजे चार वेगळी गेज एका पट्टीवर. चारही सारखंच दाखवतील याची हमी नाही. तपासायला फार काही लागत नाही. एकाच पोर्टवर टी (एका नळीच्या दोन करणारा जोड) लावून आलटून-पालटून दोन-दोन गेज एकत्र जोडा. एकाच सिलिंडरवर दोन आकडे आले तर फरक त्या गेजच्या पाठीवर लिहून टाका आणि वाचताना हिशेबात धरा. माझ्या संचातलं चौथं गेज १ सेंटिमीटर कमी दाखवतं. शंका असेल तेव्हा सगळ्यात सोपं म्हणजे नळ्यांची अदलाबदल: दोष सिलिंडरबरोबर राहिला तर सिलिंडरचा, नळीबरोबर गेला तर गेजचा.

मग काट्याचं थरथरणं. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. १२०० आरपीएमला म्हणजे मिनिटाला ६०० वेळा, सेकंदाला १० वेळा. मधल्या वेळात हवा बटरफ्लायच्या फटीतून शिरून दाब परत वर येतो. काटा या हेलकाव्यांवर नाचतो आणि वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक नळीत अडसर हवा: गेजसोबत येणारी छोटी पितळी भोकवाली गुंडी, किंवा मत्स्यटाकीच्या हवेच्या नळीला लावतात तो बारीक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह इतकाच बंद करा की काटा अर्धा-एक सेंटिमीटर थरथरत राहील. पूर्ण स्थिर केलात तर नळी जवळजवळ बंदच झाली. मग तो काटा आत्ताचा व्हॅक्यूम दाखवत नाही, मघाचा दाखवतो. स्क्रू फिरवल्यावर काटा सरकायला तीन-चार सेकंद घेत असेल तर व्हॉल्व्ह थोडा उघडा.

हेलकाव्यांमुळेच आकडाही छोटा दिसतो. मोटारीचं गेज पाहिलेला माणूस २२ सेंटिमीटर बघून घाबरतो, कारण मोटारीत स्लोला ४५-५० सहज दिसतात. तिथे सगळे सिलिंडर एकाच मॅनिफोल्डमधून ओढतात, एकाचा घोट संपेपर्यंत दुसऱ्याचा सुरू होतो. इथे प्रत्येकाची वाट वेगळी. आकडा किती याला तेवढं महत्त्व नाही, सगळ्यांचा सारखा हवा.

घरगुती जुगाड म्हणून लांब पारदर्शक नळीत तेल भरून तिची दोन टोकं दोन कार्बांना लावतात. चालतं, आणि फार संवेदनशील असतं. पारा तेलापेक्षा साधारण पंधरा पट जड. म्हणजे गेजवर १ सेंटिमीटरचा फरक इथे पंधराएक सेंटिमीटरचा होऊन दिसतो. याचाच तोटा असा की सुरुवातीलाच ५ सेंटिमीटरचा फरक असेल तर तेल थेट इंजिनात ओढलं जातं. आधी गेजने जवळ आणा, मग हौस असेल तर तेलाची नळी. पाऱ्याच्या जुन्या कांड्या कुणाकडे असतील तर त्या कपाटातच राहू द्या. पारा विषारी आहे आणि एका जोरदार रेससरशी तोही आत जाऊ शकतो.

प्रत्यक्ष जुळवणी

उघड्यावर करा. बंद खोलीत चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो. एअर-कूल्ड गाडी असेल तर समोर मोठा पंखा लावा, आणि पाच-सात मिनिटांहून जास्त सलग चालवू नका. इंजिन तापत गेलं की स्लो आपोआप चढतो आणि तुम्ही हलत्या निशाण्यावर नेम धरत बसता. पेट्रोलची बाटली इंजिनाच्या बरोबर वर टांगू नका, बाजूला आणि पक्की बांधा. कॉक वापरत असाल तर प्राइमवर, आणि काम झाल्यावर आठवणीने परत ऑनवर.

आधी दहा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम. स्लोच्या मुख्य नॉबने मॅन्युअलमधला आरपीएम. मग पहिला-दुसरा यांच्यामधल्या स्क्रूने ते दोन आपसात, तिसरा-चौथा यांच्यामधल्या स्क्रूने ते दोन आपसात, आणि शेवटी मधल्या स्क्रूने जोडीला जोडी. चारच्या बहुतेक कार्बांची मांडणी अशी असते. काहींत एक कार्ब मूळ धरून बाकीचे त्याला जुळवतात, तेव्हा आधी कोणत्या कार्बला स्क्रू नाही ते बघा. तोच मूळ.

स्क्रू केसभर फिरवायचा. स्लोला बटरफ्लायची फट इतकी बारीक असते की आठवा हिस्सा आट्यानेही काटा ठळक सरकतो. प्रत्येक बदलानंतर रेस एकदा चटकन देऊन सोडा, म्हणजे सांधे, स्प्रिंगा आपापल्या जागी बसतील, आणि मगच आकडा खरा माना. पुष्कळांचं सिंक इथेच "जातं": स्क्रूवर स्क्रू-ड्रायव्हरचा दाब असतानाच काटे जुळवले, स्क्रू-ड्रायव्हर उचलला की सगळं सरकलं. स्क्रूला लॉकनट असेल तर तो आवळतानाही आकडा हमखास हलतो. स्क्रू धरून ठेवून नट आवळा, कोणत्या बाजूला किती सरकतो ते बघा, आणि पुढच्या वेळी तेवढं उलट्या बाजूला आधीच ठेवा. दोन-तीन प्रयत्नांत हात बसतो.

मधूनमधून स्लो नॉबने पुन्हा ठरलेल्या आरपीएमवर आणत राहा, कारण सिंक सुधारलं की स्लो आपोआप चढतो. काटे जुळवण्यासाठी पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूला मात्र हात लावू नका. त्यानेही काटा हलतो, म्हणून मोह होतो, पण ते दुसरंच काम आहे.

शेवटी रेस देऊन २५०० ते ३००० वर धरा. काटे एकत्र सरकायला हवेत. स्लोला जुळलेले आणि वर फाटलेले असतील, तर दांडे किंवा सांध्यांची झीज बघा. दोन स्वतंत्र केबलच्या गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या कार्बवाल्या बॉक्सर गाड्यांत (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), ही दुसरी पायरी स्वतंत्रच करावी लागते: स्लो प्रत्येक कार्बच्या स्टॉप स्क्रूने, वरचं केबलच्या अ‍ॅडजस्टरने. पूर्ण रेसला किती जुळतंय याची चिंता नको. तिथे बटरफ्लाय आडव्या पडलेल्या असतात आणि केसभर फरकाने काहीच बिघडत नाही. म्हणूनच सिंक गेलेली गाडी हायवेवर शहाण्यासारखी पळते आणि सिग्नलला रडते.

सगळं झाल्यावर मी आता एक जास्तीचं काम करतो. गेज काढायच्या आधी स्लोचा आकडा टिपतो, मग नळ्या काढून टोप्या लावतो आणि टाकी न बसवताच पुन्हा बघतो. मग टाकी बसवून पुन्हा. तिन्ही आकडे पन्नासएक आरपीएमच्या आत असले तरच सीटचे बोल्ट आवळतो. टोप्या नव्या आहेत, प्रत्येकीवर छोटी स्प्रिंगची क्लिप आहे, आणि दोन जास्तीच्या हत्यारांच्या पिशवीत पडून आहेत.

सीटच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने एक कागद लावलाय. त्यावरची शेवटची नोंद: २२, २२, २२.५, २१.५. स्लो १२००. स्क्रू फिरवला नाही.